सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं?

चांगुणाबाईंचा शब्द आता उशिरा यायचा.

दमयंतीने कामाच्या पाळीवरून घरी यावं, चपला काढता काढता विचारावं, "आये, जेवलीस का?" आणि उत्तराची वाट बघत पाय धुवावेत, तोंड पुसावं, डबा घासायला टाकावा. मग केव्हातरी, प्रश्न विझून गेल्यावर, ओटीवरून आईचा आवाज यायचा, "जेवले." तोवर दमयंतीने दुसरं काही विचारलेलं असे, गोळी घेतलीस का म्हणून, आणि ते 'जेवले' भलत्याच प्रश्नाला जाऊन चिकटायचं. शेवटी मायलेकींनी आपसांत एक रीत पाडली. एका वेळी एकच प्रश्न. विचारायचा आणि विहिरीत पोहरा सोडल्यासारखं उभं राहायचं. पाणी लागलं की कळेल.

पण दिवसभर राबून आलेल्या माणसाला घरातही असं उभं राहायचं म्हणजे जीव आंबतो. हळूहळू दमयंतीचे प्रश्न कमी झाले. चांगुणाबाईंची उत्तरं त्याहून कमी झाली. घरात दोन बायका, एक कोंबडी, आणि मध्ये न बोललेल्याचा ढीग.

चांगुणाबाईंचा गळा तंबाखूच्या मिश्रीने खाल्ला होता. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि त्या जागी, कातडीवरून, दोन बोटं रुंद अशी कंठपट्टी बांधली. तिची करामत अशी: माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा जिभेच्या मुळापर्यंत, हनुवटीखालच्या बारीक स्नायूंपर्यंत विजेची थरथर पोचतेच. आवाज गेला तरी थरथर जात नाही. पट्टी ती थरथर टिपते, तिच्यातल्या शब्दांचा आणि सुरांचा अंदाज बांधते, आणि साठवलेल्या आवाजात ते बोलून दाखवते. साठवलेला आवाज चांगुणाबाईंचाच होता. ऑपरेशनच्या आधी कंपनीने त्यांना काचेच्या खोलीत बसवून बोलायला, गायला, हसायलाही लावलं होतं. त्या खोलीतून बाहेर पडताना त्या म्हणाल्या होत्या, "बाय गो, दमले. कोनी मेलं नसताना एवढी कवा रडले नाय, ते पन करून घेतलं."

सुरुवातीला पट्टी छान चालली. मग कंपनी दर काही महिन्यांनी तिच्यातली प्रणाली नवी करत गेली, आणि प्रत्येक नवी आधीच्यापेक्षा जड. तेवढ्याशा चिपला तो भार पेलेना. मग कंपनीच बुडाली. दूर कुठेतरी तिचे जे मोठे संगणक होते ते बंद पडले. पट्टीला मात्र ते कोणी सांगितलं नाही. ती दर वाक्याला त्यांचं दार ठोठावायची, वाट बघायची, पुन्हा ठोठावायची, आणि दमली की मग एकटीच्या जिवावर वाक्य जुळवायची. तोवर समोरचा माणूस उठून गेलेला असे.

दुसऱ्या कोणाचं यात एवढं बिघडलं नसतं. पण चांगुणाबाई धवलारीण होत्या, लग्नात धवले गाणाऱ्या. खाडीकाठच्या जुईखारात आणि आसपासच्या आगरी गावांत भटजी अक्षता टाकतो ते खरं, पण हळद लागते ती धवलारणीच्या तोंडून. ती ओळ टाकते, मागच्या बाया ती ओढतात. घरच्यांची नावं, देवाची, नदीची, रुसलेल्या काकीची, कालच वारलेल्या आजोबांची, सगळी जागच्या जागी गुंफायची असतात. समोर काय घडतंय ते बघत बघत गायचं. तिथे ओळ उशिरा आली की मागच्या बायांची ओढ हवेत लटकते. दोनदा लटकली. तिसऱ्या लग्नाला चांगुणाबाई गेल्या नाहीत.

*

नीरावहिनी पाटील शेजारच्या आळीतून स्कूटरवर आली, ओटीच्या कडेला टेकली, चहा नको म्हणाली आणि प्यायली.

"काकी, आमच्या ईराची हलद ठरली. पुढच्या महिन्यात. पोरगी हटून बसलीय, चांगूआजी नाय तर हलदच नको. आता मी काय करू सांगा?"

चांगुणाबाईंचे ओठ हलले. पट्टीवरचा ठिपका लुकलुकू लागला.

नीरावहिनी वाट बघत राहिली. एकदा दमयंतीकडे बघितलं, एकदा कोंबडीकडे. "हॉलवाला म्हनतो त्याच्याकडं मशीन हाय. नावं भरली की सगले धवले म्हनते. बाईचाच आवाज. अलिबागच्या लग्नात लावलेलं, लोकांना आवडलं." तिने कप खाली ठेवला. "मना नाय आवडलं. पन काकी, तुम्हाला तरास नको."

ठिपका लुकलुकत होता.

"बरं, कललं मना," नीरावहिनी हळूच म्हणाली आणि उठली. "नका मनाला लावून घेऊ." तिने स्कूटर चालू केली, वळवली, आळीच्या तोंडाशी पोचली, आणि तेव्हा ओटीवर, रिकाम्या कपाच्या समोर, चांगुणाबाईंचा आवाज उमटला:

"येन मी. सांग तिला, आजी येल."

दमयंती अनवाणी धावली. पण स्कूटर कोपऱ्यावरून गेली होती. परत आली तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. दमयंतीने फोन करून नीरावहिनीला सांगितलं, आई येते म्हणते, मशीन सांगू नका. "बघ हं," नीरावहिनी म्हणाली. "ऐन वेळंला माझं नाक कापू नको. आठ दिस आधी मना पक्कं सांग."

*

दमयंती खाडीपलीकडच्या बंदरावर कामाला होती. क्रेन चालवायची, पण क्रेनवर चढून नव्हे. एका थंड खोलीत पडद्यासमोर बसून, बोटाएवढ्या दांड्याने, दूरवरचे डबे उचलायचे आणि ठेवायचे. जहाजं थांबत नाहीत, म्हणून माणसंही थांबत नाहीत. आणि पडदे तर फार थकायचे. दर पाळीला एखादा अडकायचाच. तेव्हा खोलीतली माणसं तंत्रज्ञाची वाट बघत नसत. गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीलाच एक बोटाच्या पेराएवढी काडी असायची. ती संगणकात खुपसायची, बटण दाबायचं, आणि संगणक त्याच्या पोटातली जड प्रणाली बाजूला ठेवून काडीवरच्या हलक्या प्रणालीवर चालू व्हायचा.

त्या प्रणालीचं चिन्ह होतं वाऱ्यावर उडणारी रुईची म्हातारी. बंदरावरची माणसं तिला म्हातारीच म्हणत.

म्हातारी यंत्रात राहायला येत नाही, पाहुणी म्हणून येते. काडीवरून उठते, यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत अंथरूण टाकते, आणि तिथूनच सगळं काम करते. यंत्राच्या कायमच्या साठ्याला हातही लावत नाही. काडी काढली की वळकटी गुंडाळून चालती होते, घरातलं भांडं इकडचं तिकडे होत नाही. म्हणून तर बंदराला ती आवडायची. पाळी संपली की काडी काढायची, दोरीला अडकवायची, खुर्ची पुढच्याला द्यायची. आधीच्या पाळीचं काहीच मागे राहता कामा नये असा नियमच होता. दमयंतीच्या हाताला तो नियम इतका मुरला होता की घरी कधी टीव्हीसमोरून उठतानाही तिची बोटं काडी शोधायची.

म्हातारीला कायमचं घरही देता येतं. पण मग ते घर आधी रिकामं करावं लागतं. जुन्याचं काही ठेवून चालत नाही.

कंठपट्टीसाठीही म्हातारी होती. बुडालेल्या कंपनीच्या पट्ट्या गळ्यात घेऊन बसलेल्या माणसांच्या मुलांनी, भावांनी, नवऱ्यांनी जगभरातून जमून ती तयार केली होती. दमयंतीला ती सापडली जेवणाच्या सुट्टीत. तिने ती नव्या काडीवर उतरवून घेतली आणि रविवारी सकाळी आईच्या मानेमागे बसली. तिथे केसांखाली पट्टीचं बारीक तोंड होतं. एकच तोंड. पट्टीची बॅटरी भरायची तीही तिथूनच.

"आये, दुखलं तर हात वर कर."

काडी बसली. पट्टी विझली, थरथरली, पुन्हा उजळली.

"कोण बोलतंय?" एका अनोळखी बाईचा आवाज म्हणाला, आणि चांगुणाबाईंनी दचकून मागे बघितलं. मग त्यांना कळलं की त्याच बोलल्या. बोलल्या बोलल्या ऐकू आलं.

"आये?"

"अगो, लगेच आलं!" अनोळखी बाई म्हणाली. "दमू, लगेच आलं गो! चहा कर. साखर कमी टाक, तू बरणी उपडी करतेस. आणि ती कोंबडी बघ, परत तांदळात गेली, हाड! हाड मेले!"

कोंबडी खरंच पळाली. तिला इतक्या दिवसांत वेळेवर कोणी हाकललं नव्हतं.

त्या सकाळी दोघी भांडल्या. साखरेवरून सुरू झालं, दमयंतीच्या न झालेल्या लग्नावरून गेलं, आणि बाथरूमच्या गळक्या नळापाशी येऊन थांबलं. भांडायला वेळेवर शब्द लागतो. कितीतरी दिवसांनी तो मिळाला होता, आणि दोघींनी तो भुकेल्यासारखा वापरून घेतला. शेवटी चांगुणाबाईंनी हात जोडले. "पुरे. पाणी दे."

आणि थबकल्या. "मी पाणी म्हणाले?"

त्या 'पानी' म्हणाल्या होत्या. उभ्या जन्मात त्यांनी 'पाणी' म्हटलं नव्हतं. म्हातारीने सुधारून घेतलं होतं. आवाज बातम्या देणाऱ्या बाईचा, कुठल्याच गावची नसलेली. "हे बघ," चांगुणाबाई म्हणाल्या, "म्हातारीच्या गळ्यात म्हातारी बसवलीस ती बसवलीस, पण ही तर शाळामास्तरीण निघाली."

ती शिकणारी होती मात्र. फोनच्या पडद्यावर वाक्यं यायची, चांगुणाबाईंनी ती आपल्या बोलीत म्हणायची, म्हातारी त्यांच्या थरथरीशी आपला आवाज जुळवून घ्यायची. संध्याकाळपर्यंत 'पाणी'चं 'पानी' झालं. सुराची एक टोकदार कड दिसू लागली. मग बॅटरी संपत आली, ती भरायला काडी काढावी लागली, आणि दुसऱ्या सकाळी काडी लावल्यावर अनोळखी बाई पुन्हा स्वच्छ आवाजात म्हणाली, "पाणी दे."

पाहुणी सगळं विसरून आली होती.

*

काडीवर एक जतन-कप्पा उघडता यायचा. बंदरावरच्या काड्यांत तो बंद असे, इथे उघडायला हरकत नव्हती. त्यात म्हातारी दिवसभराचं शिकलेलं नेऊन ठेवायची. काडी काढण्याआधी तिला निरोप द्यायचा आणि काडीवरचा ठिपका पूर्ण विझेपर्यंत थांबायचं, एवढंच पथ्य. पण शिकणं गोगलगायीचं होतं. पट्टीच्या इवल्या तात्पुरत्या स्मृतीत म्हातारी स्वतःच अंथरूण टाकून बसलेली. शिकायला उरली अंथरुणाच्या कडेची जागा. रोज सकाळी चांगुणाबाई ओटीवर बसून वाक्यं म्हणत. आज हवा छान आहे. माझ्या भावाची गाय काळी आहे. घशात आवाज नसला तरी घसा दुखतोच, मान अवघडते, खांदे उतरतात. दुपारी त्या निजत तेव्हा ओठ हलत असायचे.

बायजामावशी, धवल्यांत त्यांच्या मागे ओळ ओढणारी, रोज येऊन बसायची. तिने एकदा विचारलं, "मंग हिला एकदाची आतच बसवून का नाय टाकत? रोज काय पावनी!"

ते दमयंतीने आधीच करून बघितलं होतं, शेवटच्या पायरीपर्यंत. फोनवर दोन ओळी यायच्या: नुसतं चालवून पाहा. कायमचं बसवा. दुसरीवर बोट ठेवलं की खाली तांबड्या अक्षरांत: या पट्टीतलं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?

सगळं म्हणजे आईचा आवाजही. तो कंपनीने कुलपात ठेवला होता आणि किल्ली त्याच जुन्या, जड, धापा टाकणाऱ्या प्रणालीच्या पोटात होती. कुलूपबंद पेटी उचलून दुसरीकडे ठेवता आली असती, पण घर पाडलं की किल्ली गेली. मग पेटी कशाला? घरात जुने व्हिडिओ होते, त्यांत आईच्या गाण्यावर डीजे चढलेला. एकातही ती नुसती बोलत नव्हती.

संध्याकाळी काडी काढून झाली, बॅटरी भरून झाली, की झोपण्याआधी थोडा वेळ पट्टी जुन्या प्रणालीवर असायची. तेव्हा दमयंती मुद्दाम काहीतरी विचारायची. "आये, उद्या भाजी कनची करू?" आणि पाय पसरून भिंतीला टेकून बसायची. घाई नसायची. दुरून होडीचा दिवा यावा तसा तो आवाज यायचा, जरा खरखरीत, शेवटच्या अक्षराला किंचित वर उचललेला. "वांगी." एवढ्यासाठी दिवसभराचा शीण काढता यायचा.

चांगुणाबाईंना हे दिसत होतं. त्या सकाळी उठून वाक्यं म्हणत राहिल्या.

आठ दिवस उरले तेव्हा आवाज पुरता 'पानी' म्हणत होता आणि धवल्याच्या पहिल्या ओळी सुरात येत होत्या. दमयंतीने नीरावहिनीला पक्कं सांगितलं. नीरावहिनीने हॉलवाल्याला मशीन नको म्हणून कळवलं.

*

हळदीला दोन दिवस असताना बंदरावर जोडून दोन पाळ्या पडल्या. दमयंती सकाळी घरी आली ती डोळे मिटत मिटतच. आई आणि बायजामावशी ओटीवर गात होत्या, हळू, सावकाश, ओळीमागे ओळ.

"ये गो," बायजामावशी म्हणाली, "ऐक. जमतंय."

दमयंती आईच्या मागे टेकली. डोकं आईच्या पाठीला लागलं. कानात अजून क्रेनची घरघर होती. तेवढ्यात खिशातल्या फोनवर बंदराचा भोंगा वाजला, दुसऱ्या खोलीतली पाळी बदलल्याचा, तो रोज त्याच वेळी वाजायचा. आणि तिच्या हाताने, तिला न विचारता, जे रोज करतो ते केलं. समोरच्या पट्टीच्या तोंडातून काडी उपसली आणि दोरीला अडकवली.

ओळ मध्येच तुटली.

बायजामावशी पुढची अर्धी एकटीच ओढून थांबली. "काय झालं?"

दमयंतीने दोरीला लटकणाऱ्या काडीकडे बघितलं. उपसली तेव्हा तिचा ठिपका लुकलुकत होता. म्हातारी त्या घटकेला कप्प्यात लिहीत होती.

तिने काडी परत लावली, काढली, आपल्या फोनला लावून बघितली. जतन-कप्पा वाचता येत नाही. पुन्हा लावली. जतन-कप्पा वाचता येत नाही. तो नव्याने करू?

"आये," ती म्हणाली. तिला रडायलाही जोर नव्हता. "आये, मी पालीवर नवते गो. मी घरी होते."

चांगुणाबाईंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं, मग खूण केली, लाव.

काडी लागली. पट्टी उजळली. चांगुणाबाईंनी ओटीवर पाय सरळ केले, पडद्याकडे बघितलं आणि अगदी सुरुवातीपासून, अनोळखी बाईच्या कोऱ्या आवाजात म्हणू लागल्या:

"आज हवा छान आहे. माझ्या भावाची गाय काळी आहे."

"चांगू," बायजामावशी म्हणाली, "परवा हलद हाय. आता कुठलं होतंय? नीरीला सांगू या, मशीन आन म्हनून."

"सांग," चांगुणाबाई म्हणाल्या. "पण मी म्हणते ते म्हणू दे. नदीला पाणी आलं. आम्ही पाणी भरतो."

पाणी, पाणी. दमयंती ऐकत राहिली. आईची मान बगळ्यासारखी पुढे ताणलेली, पट्टीखालची कातडी लाल झालेली. तिला दिसलं की हे संपणारं नाही. कप्पा पुन्हा भरेल, पुन्हा कधीतरी फुटेल, आणि आई पुन्हा पहिल्या वाक्याला बसेल. काही न बोलता. कारण लेकीला संध्याकाळी एक 'वांगी' ऐकायचं असतं.

"आये, थांब. बसवून टाकू. कायमचं."

वाक्य थांबलं. "माझा आवाज जाईल," चांगुणाबाई लगेच म्हणाल्या. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

"जाऊ दे."

"तुला हवा होता ना?"

"होता." दमयंतीने नाक पुसलं. "आत बसली की हिला जागा भरपूर मिलंल. दिसभरात शिकंल सगलं. आवाज हवाच हाय अजून. पन तुला रोज असं बघवत नाय."

चांगुणाबाईंनी पाय आखडून घेतले. "खरं सांगू? तो आवाज मी कधीच सोडला गं. मागून कोणी दुसरीच बाई बोलते असं वाटायचं. मी एक म्हणायची, पुढे जायची, आणि ती मागे राहून माझं जुनं झालेलं म्हणत बसायची. आपलं बोलणं आपल्याबरोबर चाललं पाहिजे. नाहीतर ते भूत." मग मान पुढे केली. "कर."

दमयंतीने काडी काढली. पट्टी पुन्हा जुन्या प्रणालीवर आली, नेहमीसारखी वेळ घेत, धापा टाकत. मग तिने काडी लावली आणि फोनवर कायमचं बसवा निवडलं. तांबडी अक्षरं आली. होकार देईपर्यंत पट्टी जुन्याच प्रणालीवर होती.

"आये, एकदा बोल ना. कायपन बोल."

चांगुणाबाईंचे ओठ हलले. ठिपका लुकलुकू लागला.

दमयंतीने वाट बघितली. बायजामावशीनेही पदर तोंडाशी धरून वाट बघितली. कोंबडी तांदळात गेली, तिला कोणी हाकललं नाही. ठिपका लुकलुकत होता, पट्टी तापत होती, चांगुणाबाईंनी पट्टीखाली बोट घालून कातडी मोकळी केली. ओळखीचं काहीच येईना. आईच्या गळ्यावरचा तो लाल चट्टा बघता बघता दमयंतीला वाटलं, आता माझ्याच्याने नाही होत, आणि तिने डोळे मिटून बोट टेकवलं.

पट्टी विझली. आत अडकलेलं वाक्य आतच गेलं.

तासाभराने म्हातारी पट्टीत राहायला आली. तिने सगळ्यात आधी काय बोलावं ते दमयंतीला ठाऊक नव्हतं, पण विचारायचं काय ते तिने ठरवून ठेवलं होतं.

"आये, मघाशी काय म्हनालीस?"

"दाब म्हटलं," अनोळखी बाई म्हणाली. "किती वेळ लावतेस."

बायजामावशी आधी हसली. मग तिघी हसल्या. मग दमयंती उठून आत गेली आणि तोंडात ओढणीचा बोळा कोंबून पोटभर रडली. बाहेर चांगुणाबाई वाक्यं म्हणायला लागल्या होत्या. दुपार कलेपर्यंत त्या पुन्हा 'पानी' म्हणत होत्या.

*

हळदीला मांडव भरला. नवऱ्याकडच्या बाया अलिबागहून उष्टी हळद घेऊन आल्या. त्यांच्यातल्या काहींनी चांगुणाबाईंच्या गळ्याकडे बघितलं, एकमेकींना कोपराने ढोसलं. ईरा पाटावर बसली होती, पिवळ्या साडीत, हाताचा घाम पुसत. नीरावहिनी खांबापाशी उभी, चेहरा आवळलेला. हॉलवाल्याचा माणूस मशीन घेऊन गाडीत बसून होता. ऐन वेळेसाठी तिने त्याला पुन्हा बोलावून थांबवून ठेवलं होतं, आणि दमयंतीला ते समजलं होतं.

चांगुणाबाईंनी खाली बघितलं, हळदीत बोट बुडवलं.

पयली हलद गो
गावच्या देवाला
देवाच्या पायरीला
पिवली रेघ.

आवाज जुना नव्हता. खालच्या पट्टीत जरा पातळ, वरच्या पट्टीत काचेसारखा. म्हाताऱ्या बायांनी माना वर केल्या, हे कोण गातंय म्हणून. पण ओळ संपली त्याच क्षणी संपली, आणि बायजामावशीने ती जमिनीवर पडू न देता उचलली, मागच्या बायांनी ओढली.

दुसरी हलद गो
ईराच्या हाताला
आजाचं नाव घेता
डोला भरं.

नीरावहिनीचे डोळे खरंच भरले. तिचा बाप मागच्याच वर्षी गेला होता. तिने पदराने डोळे टिपले आणि दुसऱ्या हाताने, न बघता, गाडीतल्या माणसाला खूण केली, जा.

आणि मग चांगुणाबाईंची नजर नवऱ्याकडच्या बायांवर गेली. पहिल्या रांगेत नवऱ्याची मावशी बसली होती, भरजरी साडी, मोठा अंबाडा, आणि पाय साडीखाली ओढून घेतलेले. चांगुणाबाईंनी ते पाय बघितलेच.

अलिबागची वरात गो
गारीतून उतरली
नवऱ्याची मावशी गो
चपला इसरली!

मांडव फुटला. मावशीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि बोटांमधून ओरडली, "इसरले नाय, तुटल्या!" त्यावर आणखी हसू. दमयंतीही हसली, जोराने, डोकं मागे टाकून. थट्टा झाली तेव्हाच हसू आलं. असं या गावात फार दिवसांनी होत होतं.

हसून झाल्यावर तिला एकदम फार थकल्यासारखं वाटलं. ती मागे सरकून मांडवाच्या मेढीला टेकली आणि डोळे मिटले. धवले चालू होते. गलक्यात कोणी कोणाला हाका मारत होतं, पाहुण्यांतली कोणी बाई असावी, दमू, दमू, अगो दमे. कुठलीतरी दमू असेल. पाहुण्यांत सतरा दमू.

कोणीतरी तिचा दंड हलवला. नीरावहिनी. "अगो, झोपलीस? आय हाक मारते तुला."

दमयंतीने डोळे उघडले. समोर आई हळदीचे हात वर धरून उभी होती, तिच्याकडेच बघत. आजूबाजूला कोणीच दुसरी दमू नव्हती.

चांगुणाबाईंना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं आणि गेलं.

दमयंती माणसांतून वाट काढत पुढे आली. "आये, वलखलाच नाय गो. मना वाटलं कोन पावनी."

"वलखशील," तो आवाज म्हणाला. "ताट धर आधी. हात भरून आले माझे."